खडकाबरोबर आलेली ब्याद

१९६१ साली ‘ट्रॉपिकल फिश हॉबीइस्ट’ या अमेरिकी मासिकात जकार्ताच्या ली चिन एंग यांचा एक लेख छापून आला. त्यांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत गाळणयंत्रांचा पसारा नव्हता. समुद्राचे पाणी, हवेचे बुडबुडे आणि प्रवाळकिनाऱ्यावरून उचलून आणलेले जिवंत खडक, एवढ्यावर त्यांचे काम भागत होते. खडकांवरचे जिवाणूच पाणी शुद्ध ठेवत. घरगुती प्रवाळटाकीची कुळकथा इथून सुरू होते आणि तिच्या किडींचीही. खडकाच्या भोकाभोकांत कोणी ना कोणी राहतच असते आणि खडक उचलणाऱ्याला हे भाडेकरू निवडून घेता येत नाहीत.

ऐंशीच्या दशकात बर्लिनमधल्या हौशी मंडळींनी या पद्धतीला प्रखर दिवे आणि प्रोटीन स्किमरची (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) जोड दिली. डीट्रिश श्ट्यूबर यांच्या टाकीत ॲक्रोपोरा हा फांद्या फुटणारा नाजूक प्रवाळ नुसता जगला नाही, तर वाढला आणि त्याचे तुकडे इतरांच्या टाक्यांत पोचले. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने हे वेड अमेरिकेत नेले. १९९४ मध्ये डेल्बीक आणि स्प्रंग यांच्या ‘द रीफ ॲक्वेरियम’चा पहिला खंड आला, तोवर हा छंद चांगलाच रुजला होता.

त्या काळची मोठी डोकेदुखी म्हणजे ऐप्टेशिया. समुद्रफुलांच्या कुळातला हा काचेसारखा तपकिरी जीव शेजारच्या प्रवाळाला डंख मारून मागे हटवतो. उपटायला जावे तर तळाशी राहिलेल्या कणभर ऊतीतून पुन्हा पूर्ण जीव तयार होतो. लिंबाचा रस, व्हिनेगर, उकळते पाणी, सिरिंजने टोचलेला चुन्याचा लगदा, सगळे प्रयोग झाले. चारपाच जीव असतील तर चुना कामी येतो. टाकीभर पसरले असतील तर सुईने किती टोचणार? मग मदतीला आली पेपरमिंट कोळंबी. तिथेही घोळ होताच. फ्लोरिडाहून येणारी आणि एकाच नावाने खपणारी कोळंबी प्रत्यक्षात वेगळ्या जातीची असल्याचे २००६ मध्ये स्पष्ट झाले आणि तिला लिस्माटा बॉगेसी हे नाव मिळाले. शिवाय दिसायला तशीच असणारी कॅमल श्रिंप दुकानदाराने चुकून दिली, तर ती ऐप्टेशिया सोडून प्रवाळावरच ताव मारते. सगळ्यात भरवशाची ठरली बर्गिया ही कवच नसलेली समुद्री गोगलगाय. ती ऐप्टेशियाखेरीज काही खात नाही. ऐप्टेशिया संपला की उपाशी मरते. हिचे नावही आधी चुकीचेच चालले होते, ते २००५ मध्ये दुरुस्त झाले.

गंमत अशी, की हौशी मंडळी ज्याच्या नावाने बोटे मोडत होती, तोच ऐप्टेशिया प्रयोगशाळांचा लाडका झाला. प्रवाळाप्रमाणे तोही आपल्या पेशींत शैवाल बाळगतो आणि काही केल्या मरत नाही. संशोधकाला आणखी काय हवे? २०१५ मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला.

नव्या शतकात टाक्यांमध्ये ॲक्रोपोराची चलती झाली आणि त्याच्याबरोबर नवे शत्रू उघडे पडले. आधी रेड बग. जेमतेम अर्धा मिलिमीटरचा, पिवळसर अंगावर लाल ठिपका असलेला हा कोपेपॉड, म्हणजे कवचधारी सूक्ष्मजीव. प्रवाळाचे रंग फिके पडायचे, पॉलिप (प्रवाळाचे इवले जीव) आत ओढलेले राहायचे आणि मालक आठवडेच्या आठवडे पाण्याच्या चाचण्या करत बसायचा. भिंग घेऊन पाहण्याची कल्पना फार उशिरा सुचली. वास्तविक आर्थर ह्यूम्स यांनी १९८१ मध्येच या जीवाला टेगास्टेस ॲक्रोपोरानस असे नाव दिले होते. टाकीवाल्यांपर्यंत ते पोचलेच नव्हते.

यावरचा उपाय सापडला जनावरांच्या दवाखान्यात. कुत्र्यांना हृदयकृमी होऊ नये म्हणून देतात ती मिलबेमायसिनची गोळी, बाजारातली इंटरसेप्टर. तिची पूड टाकीत घालायची, सहा तासांनी पाणी बदलायचे, औषध शोषून घ्यायला सक्रिय कार्बन लावायचा आणि आठवड्याच्या अंतराने हे तीनदा करायचे. रेड बग खरोखर मरत. त्यांच्याबरोबर टाकीतल्या कोळंब्या आणि खेकडेही मरत, म्हणून ते आधी बाहेर काढावे लागत. उपाय खात्रीचा होता, पण पुरवठा दुसऱ्याच्या हातात होता. २०१२ च्या सुमारास या गोळीचे उत्पादन थांबले, तेव्हा कुत्रेवाल्यांइतकेच टाकीवालेही हवालदिल झाले.

चपट्या कृमीने मात्र सगळ्यांना खऱ्या अर्थाने जेरीस आणले. ॲक्रोपोरा खाणारा हा कृमी प्रवाळातले शैवाल पोटात साठवतो, त्यामुळे त्याचा रंग प्रवाळासारखाच होतो आणि तो समोर असूनही दिसत नाही. दिसतात ते त्याचे चावे: फांदीवर गोल फिकट डाग आणि बुंध्याकडून वर सरकत जाणारा पांढरेपणा. संशय आला की पिचकारीने जोरात पाणी मारून पाहायचे. पातळ पापुद्र्यासारखे काही सुटून वाहत आले, तर निदान पक्के. लोकांनी आयोडिनमध्ये प्रवाळ बुडवून पाहिले, लेव्हामिसोल वापरले, पुढे तर इमिडाक्लोप्रिड असलेले बागेतले कीटकनाशकही वापरले. मोठे कृमी गळून पडत, मालक सुटकेचा निःश्वास टाकत, आणि काही आठवड्यांनी चाव्यांचे डाग पुन्हा हजर.

चूक कुठे होत होती, ते या कृमीचा शास्त्रीय अभ्यास झाल्यावर उलगडले. केट रॉलिन्सन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये त्याचे वर्णन करून अमाकुसाप्लाना ॲक्रोपोरी असे नाव दिले (आज तो प्रोस्थिओस्टोमम ॲक्रोपोरी म्हणून ओळखला जातो). हे वर्णन टाक्यांमधल्या नमुन्यांवरून झाले होते. समुद्रात तो कोणी पाहिलाच नव्हता. ग्रेट बॅरियर रीफवर लिझर्ड बेटाजवळ तो सापडल्याची पहिली नोंद २०१२ ची. म्हणजे घराघरांत वर्षानुवर्षे उच्छाद मांडलेल्या जीवाचे मूळ घर शास्त्राला नंतर सापडले. त्याची मादी-नर अशी विभागणी नसते आणि अंडी प्रवाळाच्या जिवंत भागावर नसून बुंध्याच्या उघड्या पांढऱ्या सांगाड्यावर घट्ट चिकटवलेली असतात. एकेका कवचात अनेक भ्रूण. कोणत्याही औषधी द्रावणाला ही कवचे फारशी दाद देत नाहीत. पाण्याच्या तापमानानुसार दीड ते तीन आठवड्यांत ती फुटतात. पाणी जितके गरम तितकी लवकर. एकदा बुडवून काम झाले असे मानणारे तिथेच फसत होते. ऑस्ट्रेलियातल्या जेम्स कुक विद्यापीठात पुढे सिक्सलाइन रॅस हा मासा आणि पेपरमिंट कोळंबीची एक जात यांच्यावर चाचण्या झाल्या. त्यांनी कृमींची संख्या घटवली. नायनाटाची हमी मात्र त्यांच्याकडूनही मिळत नाही.

माँटिपोरा हा प्रवाळ खाणाऱ्या पांढऱ्या न्यूडिब्रँकची, म्हणजे कवच नसलेल्या समुद्री गोगलगायीची, गोष्टही याच वळणाची. टाकीवाले त्याला वर्षानुवर्षे शिव्या घालत होते. हाँगकाँगच्या संशोधकांनी त्याला २०२० मध्ये फेस्टिला सबओडिओसस हे नाव दिले.

या सगळ्या लढायांत एक धोका माणसालाही होता, आणि तो अजून पुरेसा गांभीर्याने घेतला जात नाही. पॅलिथोआ हा बटणासारखा मऊ जीव काही टाक्यांत तणासारखा माजतो. त्याच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असते. हे विष १९७१ मध्ये हवाईतल्या अशाच जीवापासून वेगळे करण्यात आले, आणि ते ज्ञात विषांमधल्या अत्यंत जहाल विषांपैकी आहे. अमेरिकेत २००७ मध्ये एकाने उकळते पाणी ओतून हा जीव मारायचा प्रयत्न केला आणि वाफ छातीत गेल्याने त्याला गंभीर त्रास झाला. ऐप्टेशियावरचा जुना घरगुती उपाय इथे जिवावर बेतू शकतो. असा खडक उकळू नये, सुका घासू नये, हातमोजे आणि चष्म्याशिवाय त्याला हातही लावू नये.

दरम्यान व्यापाराची तऱ्हाही पालटली. इंडोनेशियाने २०१८ मध्ये प्रवाळांची निर्यात बंद केली, ती २०२० मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या काळात हौशी लोकांचा आपापसातल्या तुकड्यांवर, म्हणजे फ्रॅगवर, भर आणखी वाढला. समुद्रातून थेट येणारा खडक कमी झाला, तर मित्राच्या टाकीतून येणारा प्लग, म्हणजे फ्रॅग चिकटवलेली छोटी बैठक, वाढला. एका टाकीतून दुसरीत जायला किडीला ही सोयच म्हणायची.

भारतात या छंदाला कायद्याची भिंत आहे. २००१ पासून सर्व कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून एखादा तुकडा टाकीसाठी घरी आणणे हा गुन्हा ठरतो, तेव्हा इथे तो विषयच नको. परदेशात जिथे हा छंद कायदेशीर आहे, तिथल्या मराठी हौशींनी मात्र एवढे करावे: नवा तुकडा आला की त्याचा मूळ प्लग आणि बुंध्याचा मेलेला भाग कापून टाकावा, औषधी द्रावणात बुडवून तो तुकडा वेगळ्या छोट्या टाकीत ठेवावा, दर आठवड्याला भिंगाने तपासून पुन्हा बुडवावा आणि किमान सहा आठवडे मोठ्या टाकीच्या जवळपास फिरकू देऊ नये.