हौसेचा आरसी ट्रक आणि धंद्याचा हिशोब



"सर, मला हातानं वस्तू बनवायला आवडतं. त्याचा धंदा होईल का?" हा प्रश्न मला सतत येतो. आज त्याचं उत्तर माझ्याच एका फसलेल्या ऑर्डरमधून देतो. वस्तू आहे रिमोटवर चालणारा ऑफ-रोड ट्रक, म्हणजे आरसी ट्रक. तुम्ही केक बनवत असाल किंवा फर्निचर, हिशोब तोच आहे.

ग्राहक नेमके कशाचे पैसे देतो?

तयार आरसी ट्रक ऑनलाइन कुणीही मागवू शकतो. मग तो तुमच्याकडे का येईल? कारण त्याला त्याची स्वतःची जीप छोट्या रूपात हवी असते. तोच रंग, तेच टपावरचं कॅरिअर, बोनेटवरचा तोच पट्टा.

या हौशी मंडळींमध्ये १/१० हे माप खूप चालतं. चेसिस, मोटर, सर्व्हो, रिमोट हे सगळं विकत मिळतं. ते जोडणं मेहनतीचं आहे, पण किटबरोबर आलेलं पुस्तक बघून बरेच जण करतात. त्याच्या जीपसारखी हुबेहूब रंगवलेली बॉडी मात्र तयार मिळत नाही. तुमचा माल तो आहे. आणि मी नेमका तिथंच चुकलो.

माझी पहिली ऑर्डर

ओळखीतल्या एका गृहस्थांनी मुलाच्या वाढदिवसासाठी ट्रक सांगितला. सामानाचे पैसे त्यांचे, माझी मजुरी ५,००० रुपये. आकडा मी फोनवर बोलता बोलता ठोकून दिला. कागद नाही, पेन नाही.

बॉडी होती पारदर्शक पॉलिकार्बोनेटची, जिला सगळे लेक्सन म्हणतात. मी हार्डवेअरच्या दुकानातून साधा स्प्रे कॅन आणला आणि रंगवून टाकली. दिसायला एकदम झकास! वाढदिवसाच्या दिवशी ट्रक पायरीवरून गडगडला आणि रंगाचे पोपडे निघाले. पोरगं माझ्याकडे बघत होतं. ते तोंड मी अजून विसरलो नाही.

कारण साधं आहे. लेक्सन आपटल्यावर वाकतं आणि परत सरळ होतं. साधा रंग वाळला की कडक होतो, तो वाकत नाही, मग तडकतो. लेक्सनसाठी वेगळा रंग येतो. जपानच्या तामिया कंपनीचंच उदाहरण घ्या: त्यांचे पीएस मालिकेतले स्प्रे पॉलिकार्बोनेटसाठी आहेत आणि टीएस मालिकेतले कडक प्लास्टिकसाठी. अदलाबदल चालत नाही.

नवी बॉडी, योग्य रंग आणि कुरिअर मिळून माझ्या खिशातून ४,२०० रुपये गेले. हातात राहिले ८००. पहिल्यांदा १९ तास, दुसऱ्यांदा १२ तास, एकूण ३१ तास. भागाकार करा. तासाला २६ रुपयेसुद्धा पडले नाहीत!

रंगकाम बरोबर कसं करायचं?

लेक्सन बॉडी आतून रंगवतात, म्हणजे बाहेरून ओरखडे पडले तरी रंगाला धक्का लागत नाही. त्यामुळे क्रम उलटा असतो: जे सगळ्यात वर दिसायला हवं, ते आधी मारायचं.

१. भांडी घासायच्या लिक्विडनं बॉडी आतून धुवा आणि पूर्ण वाळवा. नंतर आत बोट लावू नका, तेलकट डागावर रंग धरत नाही.
२. काचांच्या जागी आतून मास्किंग टेप लावा. कडा नखानं नीट दाबा, नाहीतर रंग खालून शिरतो.
३. आधी गडद रंग, मग फिका. फिका आधी मारला आणि गडद रंगाचे कण त्यावर बसले, की ते बाहेरून दिसतात.
४. एकच जाड थर देऊ नका. पातळ तीन-चार थर द्या, मध्ये वाळू द्या.
५. फिक्या रंगामागे शेवटी पांढरा थर द्या, म्हणजे रंग उठून दिसतो.
६. बाहेरची संरक्षक फिल्म सगळ्यात शेवटी काढा.

कडक एबीएस प्लास्टिकची बॉडी असेल तर सगळं उलट. ती बाहेरून रंगवतात: बारीक पॉलिश पेपर, प्रायमर, रंग आणि वर क्लिअर कोट.

पावसाळ्यात दमट हवेत स्प्रे पांढुरका पडू शकतो. म्हणून जुलैच्या ऑर्डरला जास्त दिवस मागून घ्या. आणि स्प्रे मारताना मास्क लावा, हवा खेळती ठेवा.

दर काढायची पद्धत

ऑर्डर घेण्याआधी चार ओळी लिहा:

- सामान: बॉडी, रंग, टेप, स्क्रूसुद्धा. ग्राहकाच्या चेसिसचा व्हीलबेस आधी मोजा. ३१३ मिलिमीटरच्या चेसिसवर भलत्या मापाची बॉडी आणली, तर चाकं कमानीत बसणार नाहीत आणि बॉडी तुमच्याच गळ्यात पडेल.
- तास: मास्किंग, रंग, जोडणी, चाचणी आणि ग्राहकाशी फोनवर बोलण्यात गेलेला वेळ. हो, तोही!
- बिघाड: एखादी बॉडी वाया जाणार हे धरून चाला. प्रत्येक ऑर्डरमध्ये त्यासाठी थोडी रक्कम ठेवा.
- नफा: मजुरी म्हणजे नफा नव्हे. मजुरी कारागिराची, नफा धंद्याचा. आज दोन्ही तुम्हीच आहात, म्हणून गल्लत होते.

सामानाचे पूर्ण पैसे आगाऊ घ्या. रंगाचा नमुना लेक्सनच्या तुकड्यावर मारून दाखवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर होकार घ्या. "मला वेगळाच लाल हवा होता" हे वाक्य नंतर फार महाग पडतं.

देताना काय सांगायचं?

ट्रक स्वतः दगडांवर चालवून बघा, स्क्रू पुन्हा आवळा. लायपो बॅटरी दिली असेल तर सूचना लिहून द्या: बॅलन्स चार्जरच वापरा, चार्जिंग सोडून बाहेर जाऊ नका, एका सेलचं व्होल्टेज ३ च्या खाली जाऊ देऊ नका. ईएससीमधला लायपो कटऑफ चालू आहे ना, हे तुम्ही तपासा.

अजून एक. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. त्यामुळे मुलांचं खेळणं म्हणून विक्री सुरू करण्याआधी जाणकाराचा सल्ला घ्याच. मी ती पहिली ऑर्डर घेताना हा विचारही केला नव्हता. गाडीच्या कंपनीचा लोगो परवानगीशिवाय छापून विकणंही अंगाशी येऊ शकतं.

आजचा गृहपाठ

तुमची शेवटची ऑर्डर आठवा. किती तास गेले, हातात किती उरले? भागाकार करा आणि आलेला आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आकडा बघून वाईट वाटलं तर घाबरू नका, मलाही वाटलं होतं. पण त्या दिवसानंतर मी एकही दर फोनवर बोलता बोलता दिलेला नाही. "उद्या सकाळी लिहून पाठवतो" एवढंच सांगतो. तुम्हीही तेच सांगायला लागा.