वादळ सोसणारं पातं रस्त्यावर का जपावं लागतं?

मांजरसुंब्याच्या चौकात पवनचक्कीचं पातं घेऊन ट्रेलर वळायला लागला की वाहतूक थांबते, मोबाइल बाहेर निघतात आणि थांबलेल्या लोकांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "वादळात टिकणारी वस्तू आहे ही, तिला रस्त्यावर काय होतंय? उगंच मुंगीच्या पावलानं नेतात." बालाघाटाच्या डोंगरांवर पवनचक्क्या वाढल्या तसं हे वाक्यही पाटोदा-केजकडच्या चहाच्या टपऱ्यांवर रुळलं. शिकलेली माणसंही ते खात्रीनं बोलतात. घरी विमान बांधू पाहणाऱ्या हौशी लोकांतही त्याचा भाऊ भेटतो: "जो पंख अख्खं विमान उचलतो, तो टेम्पोत टाकून न्यायला काय हरकत आहे?" हरकत आहे, आणि ती मोठी आहे.

आधी वादळाचं बघू. पवनचक्की वादळाला छाती काढून सामोरी जात नाही, ती त्याला चुकवते. वाऱ्याचा वेग साधारण सेकंदाला 25 मीटर, म्हणजे ताशी 90 किलोमीटरच्या आसपास गेला की बहुतेक मोठ्या पवनचक्क्या आपोआप बंद होतात. प्रत्येक पातं बुडाशी स्वतःभोवती फिरतं आणि वाऱ्यासमोर आपली धार धरतं. रुंद अंग वाऱ्याला मिळतच नाही. ट्रेलरवर बांधलेल्या पात्याला ही सोय नाही. आडवा वारा ज्या बाजूनं येईल त्या बाजूनं ते झोडपलं जातं.

दुसरी गोष्ट भाराची. पातं काय किंवा विमानाचा पंख काय, त्याची रचना एका ठरावीक प्रकारच्या भारासाठी केलेली असते. उडताना हवेचा जोर पंखाच्या सगळ्या पृष्ठभागावर पसरलेला असतो. तो पत्र्यातून आडव्या फासळ्यांत जातो, तिथून स्पार नावाच्या मुख्य तुळईत आणि तुळईतून विमानाच्या धडात. छोट्या विमानाचा पंख विमानाच्या वजनाच्या साडेतीन-चार पट भार असा सहज पेलतो. पण हौशी विमानाच्या पंखावरचा ॲल्युमिनियमचा पत्रा अनेकदा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. दोन फासळ्यांच्या मध्ये त्याच्यावर नुसता गुडघा टेकवला तरी पोचा येतो. तिथेच पट्टा टाकून कसून आवळला, तर हवेत शेकडो किलो पेलणारा तो पंख जमिनीवरच निकामी होतो.

मग खड्डे. ट्रेलरवर पातं दोन ठिकाणी टेकलेलं असतं: बुडाशी लोखंडी चौकटीला बोल्टनी जखडलेलं आणि शेंड्याच्या अलीकडे एका मऊ गादीच्या खोगिरावर. खोगिराच्या मागचा शेंडा अधांतरी. गाडी गतिरोधकावरून गेली की तो शेंडा वर-खाली हेलकावत राहतो आणि प्रत्येक हेलकाव्याचा ताण खोगिराजवळ येतो. पात्याची दोन कवचं मागच्या धारेला चिकटवलेली असतात. तिथे पडलेली केसाएवढी चीर रस्त्यावर कुणाला दिसणार नाही. पण चालू पवनचक्कीत पात्याचा शेंडा ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटर वेगानं फिरतो आणि ती चीर तिथे वाढत जाते. पंखाचं तसंच. नीट न बसवलेला पंख शेकडो किलोमीटर थरथरत गेला की रिव्हेटांभोवती काळी भुकटी दिसू लागते. ती भुकटी म्हणजे धातूवर धातू घासून झालेली झीज. जाणकार माणूस पंख उतरवताना आधी तीच शोधतो.

ज्यांना ही अतिकाळजी वाटते त्यांनी पवनचक्क्यांच्या रचनेचं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी 61400-1, उघडून पाहावं. वादळाच्या भारांसाठी त्यात वेगळी प्रकरणं आहेतच, पण वाहतूक आणि उभारणीच्या भारांचं प्रकरणही स्वतंत्र दिलं आहे. वादळ सोसलं की रस्ता आपोआप सोसला, असं असतं तर ते लिहायची गरजच पडली नसती.

पंखाच्या बाबतीत आणखी एक धोका आहे, आणि तो लोकांना पटवणं सगळ्यात अवघड जातं. पंखाला आपण आकाशात आहोत की महामार्गावर, हे कळत नाही. वाहती हवा मिळाली की तो उचलायला लागतो. ताशी 80 किलोमीटर वेगाला हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 30 किलो भरतो. दोन आसनी हौशी विमानाच्या एका पंखाचं क्षेत्रफळ पाच चौरस मीटरच्या आसपास आणि वजन पन्नासेक किलो. तो उघड्या ट्रकवर सपाट ठेवला आणि पुढची धार थोडी वर राहिली, तर वर खेचणारा जोर 100 किलोच्या पुढे जातो. समोरून येणाऱ्या ट्रकचा झोत वेगळाच. म्हणून अनुभवी लोक पंख सपाट झोपवत नाहीत. पुढची धार खाली करून तो उभा ठेवतात, जाड गालिच्याच्या झोळीत, आणि झोळी बरोबर फासळीच्या खाली येईल असं पाहतात. एलेरॉन, म्हणजे मागचे हलते तुकडे, आधी काढून घेतात किंवा पक्के अडकवतात. वेग निम्मा केला तर हवेचा जोर चौपट कमी होतो. मुंगीच्या पावलामागचं एक कारण हेही आहे.

आपल्याकडचं उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचं. त्यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी 2016 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं आणि पुढे त्याच्या चाचण्या धुळ्याच्या धावपट्टीवर झाल्या. गच्चीवरून कुठलंही विमान उडत जात नाही. आधी सुटं होऊन खाली उतरायचं, मग रस्त्यानं जायचं, मग पुन्हा जोडायचं, हा प्रवास त्याला चुकत नाही.

आता बाकीचे समज. पातं लोखंडी असतं? नाही. काचतंतू आणि रेझिन, आत बाल्सा नावाचं हलकं लाकूड किंवा फोम. शेकडो टन वजन? अमेरिकेच्या एनआरईएल या संस्थेनं अभ्यासासाठी प्रमाण मानलेलं 61.5 मीटरचं पातं 17.7 टनांचं आहे. दहाचाकी ट्रकमध्ये कायद्यानं जवळपास तेवढा माल मावतो, त्यामुळे अडचण वजनाची नसून लांबीची आहे. गाडी उभी केली की धोका संपला? आडव्या वाऱ्याला गाडी उभी आहे की चालू, याच्याशी देणंघेणं नाही. परवानगी हा नुसता कागद? ट्रेलर जोडलेल्या गाडीची कायदेशीर लांबी अठरा-एकोणीस मीटरच्या आसपास आहे. त्याच्या तिप्पट लांब माल न्यायचा तर विजेच्या तारा, पूल आणि वळणं आधी मोजावीच लागतात. चौकातल्या कोपऱ्यावर मुरूम टाकून रस्ता रुंद करणारी माणसं तेच काम करत असतात.

आणि चौकात थांबणाऱ्यांना एक विनंती. ट्रेलर वळताना पात्याचा मधला भाग आतल्या कोपऱ्यावरून जातो आणि चाकांच्या मागे आलेला शेंडा वळणाच्या उलट बाजूला झाडत जातो. पुढच्या केबिनमधल्या चालकाला तो शेंडा दिसत नाही. मागे चालणारा माणूस वॉकीटॉकीवर सांगेल तेवढंच त्याला कळतं. म्हणून व्हिडिओ काढायला वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभे राहू नका, अधांतरी शेंड्याखालून दुचाकी काढू नका, आणि पायलट गाडीनं हात दाखवल्याशिवाय पुढे जायची घाई करू नका.