उन्हाळ्याचा अंदाज आणि दुकानाचा हिशेब

फेब्रुवारी सरत आला की मुखेडच्या बाजारात दोन गोष्टींची चौकशी सुरू होते. हरभऱ्याला भाव काय, आणि यंदा ऊन किती? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हवामान खाते देते. फेब्रुवारीअखेर मार्च ते मे या काळाचा आणि मार्चअखेरीस एप्रिल ते जून या काळाचा अंदाज जाहीर होतो. आपले बहुतेक व्यापारी बांधव तो ऐकतात आणि सोडून देतात. आमचे म्हणणे असे की, तो बाजारभावासारखा वाचावा. माल किती भरायचा, उधारी किती द्यायची आणि कारागिराला कोणत्या वेळी कामावर बसवायचे, या तिन्ही गोष्टींचा हिशेब त्यात आहे.

आधी आपला विभाग पाहा

हवामान खात्याने महाराष्ट्राचे कोकण, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे विभाग केले आहेत. नांदेड-लातूर मराठवाड्यात येते. बातम्यांत मुंबईचा उकाडा गाजतो, पण तिकडची मोजपट्टी वेगळी आहे. किनारपट्टीवर पारा 37 अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेला की उष्णतेची लाट मानतात. सपाट मुलखात त्यासाठी किमान 40 अंश लागतात. मे महिन्यात 41 अंश ही आपल्याकडची रोजची गोष्ट आहे, त्यामुळे तेवढ्यावर इशारा निघत नाही. इशारा नाही म्हणून ऊन सोसवेल असे समजू नये.

किनाऱ्यावर दुपारी समुद्राकडून वारा येतो आणि पारा आवरतो. पूर्वेकडचे कोरडे वारे जोरात असले की हा वारा उशिरा येतो आणि मुंबई-ठाणे तापते. शिवाय दमट हवेत घाम सुकत नाही. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या जाहीर सोहळ्यात भर उन्हात बसलेल्यांपैकी 14 जण दगावले. आपल्याकडे उलट आहे. घाम लगेच उडून जातो, त्यामुळे अंगातले पाणी कमी झाल्याचे माणसाच्या ध्यानातच येत नाही.

बागवान बांधवांनी मात्र कोकणचा अंदाजही पाहावा. फेब्रुवारी-मार्चमध्येच तिकडे पारा चढला तर हापूसची लहान फळे गळतात आणि पुढे आवकेवर परिणाम होतो.

कापडाला हवा लागते

सुती धाग्याला ओलावा मानवतो. हवा कोरडी झाली की ताण्याचे धागे तुटतात, माग थांबतो. मुंबईत गिरण्या वाढल्या, त्याला तिथली दमट हवाही एक कारण होती. भिवंडीला खाडी जवळ आहे. मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर येथे उन्हाळ्यात मागाच्या शेडमध्ये ओलावा धरून ठेवावा लागतो. म्हणून मलमल, वॉयल, कॅम्ब्रिक, गमछे यांची मागणी आधीच नोंदवलेली बरी.

पण किती? येथे 2025 साल ध्यानात ठेवावे. त्या वर्षी एप्रिल ते जूनचा अंदाज कडक उन्हाचा होता. प्रत्यक्षात देशात 1901 पासूनचा सर्वाधिक पावसाचा मे महिना ठरला. मान्सून 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत आला. मुंबईत इतक्या लवकर तो आल्याची नोंद नव्हती. ज्यांनी जूनपर्यंत उन्हाळी विक्री धरली होती, त्यांचा हिशेब चुकला. म्हणून तीन महिन्यांच्या अंदाजावर निम्मा माल भरावा. उरलेला, दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज निघतो तो पाहून, थोडाथोडा मागवावा.

ईद सरकते, उन्हाळा सरकत नाही

2022 साली ईद-उल-फित्र 3 मे रोजी होती, 2025 साली 31 मार्च रोजी. दरवर्षी ती दहा-अकरा दिवस मागे येते. ईदचा माल आणि उन्हाळी माल एकाच खरेदीत भागत असे, ते दिवस आता काही वर्षे येणार नाहीत. ईदचे कापड थंडी सरताना लागेल, तर लग्नसराईचे भर उन्हात. खरेदी दोनदा करावी लागेल आणि भांडवलही तसेच वाटून ठेवावे लागेल.

गारपीट आणि उधारी

आपला गिऱ्हाईक शेतकरी आहे. हरभरा, गहू, ज्वारी घरात येते त्याच दिवसांत गारांचे भय असते. उत्तरेकडचे कोरडे वारे आणि समुद्रावरचे बाष्प आपल्या डोक्यावर भेटले की गारा पडतात. 2014 च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात गारपिटीने उभे पीक झोपवले. ऑगस्ट 2025 मध्ये लेंडी नदीच्या पुराने आपल्याच तालुक्यातील हसनाळ, रावणगाव ही गावे पाण्यात गेली, माणसे गेली. अशा घराकडे उधारीचा तगादा लावायला कोणत्या तोंडाने जाणार?

सूरह बकराहमध्ये दोन्ही आज्ञा जवळजवळ आहेत. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा आणि कर्जदार अडचणीत असेल तर त्याला मुदत द्या. मुदत देण्याची ऐपत मात्र आधी जमवावी लागते. ज्याने स्वतःच ठोक व्यापाऱ्याकडून उधारीवर दुकान भरले, तो दुसऱ्याला सवलत कोठून देणार? म्हणून मार्चमध्ये माल हलका, उधारी मोजकी आणि हाताशी रोकड असावी.

कारागिराची दुपार

पत्र्याखाली बसणारा दर्जी, वेल्डर, पिंजारी यांना दुपारी बारा ते चार काम देऊ नये. फजरनंतर अकरापर्यंत आणि असरनंतर अंधार पडेपर्यंत काम घ्यावे. नगावर मजुरी असेल तर कोणाचेही नुकसान नाही. रोजावर असेल तर वेळ बदलावी, रोज कापू नये. कडक उन्हात जुहरची नमाज थोडी उशिरा, हवा निवल्यावर पढण्याची सवलत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. नमाजीला जी सवलत आहे, ती मजुराला नाकारण्याचा अधिकार मालकाला कसा असेल?

काही बुजुर्ग म्हणतात, गैबचे ज्ञान अल्लाहलाच, मग हे अंदाज कशाला? गैबचे ज्ञान अल्लाहलाच, यात शंका नाही. हवामान खातेही गैब सांगत नाही. वारा, पारा आणि समुद्राचे तापमान मोजून ते शक्यता सांगते, जसा कापडवाला हाताने सूत पाहून कापड किती टिकेल ते सांगतो. हजरत यूसुफ (अ.) यांनी सुकाळाच्या सात वर्षांत धान्य कणसातच राखून ठेवायला लावले, म्हणून दुष्काळाच्या सात वर्षांत लोक जगले. तयारी करणे हे तवक्कुलच्या विरोधात नाही. अंदाज चुकला तरी माल हलका आणि रोकड हाती असलेला दुकानदार बुडत नाही, आणि त्याचे गिऱ्हाईकही तुटत नाही.