बलुनाचे अवतरण, वाऱ्यातील

वारा वाहत असताना उष्ण हवेचा बलून जमिनीवर उतरविण्याची क्रिया व त्या वेळी प्रवाशांच्या संरक्षणासाठी योजावयाचे उपाय. बलुनाला सुकाणू नसते व गतिरोधकही नसतो. हवेच्या ज्या थरात तो असतो त्या थराच्या वेगानेच तो सरकतो. म्हणून आकाशात प्रवाशांना वारा जवळजवळ जाणवत नाही. टोपली जमिनीला टेकताच मात्र त्याचा सर्व वेग एकदम अनुभवास येतो. २१ नोव्हेंबर १७८३ रोजी माँगॉल्फ्ये बंधूंच्या बलुनातून पॅरिसवर मानवाचे पहिले मुक्त उड्डाण झाले. एड योस्ट यांनी २२ ऑक्टोबर १९६० रोजी नेब्रॅस्कात प्रोपेनवर चालणाऱ्या ज्वालकाचा बलून उडविला, तेव्हापासून उंचीचे नियंत्रण सुकर झाले. आडव्या वेगावर मात्र अद्यापही ताबा मिळविता आलेला नाही.

उड्डाणे बहुधा सूर्योदयाच्या सुमारास करतात. रात्री जमीन निवते व तिच्यालगत थंड हवेचा स्थिर थर साचतो. त्याच्या वरून वेगवान वारा वाहत असला, तरी खाली शांतता असते. ऊन चढू लागले की हे थर मिसळतात आणि वरचा वारा जमिनीपर्यंत पोहोचतो. शांत हवेत निघालेल्या बलुनाला तासाभराने वाऱ्यात उतरावे लागते, ते बहुधा यामुळेच.

आघाताची तीव्रता वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाल्यास ऊर्जा चौपट होते. सु. १०,००० घ. मी. आकारमानाच्या बलुनातील तापलेल्या हवेचेच द्रव्यमान ९ टनांहून अधिक असते. टोपली, माणसे, इंधन व आवरण मिळून सु. अडीच टन भरतात. टोपली अडली तरी ही हवा तिला पुढे ओढते, आणि अर्धवट रिकामे झालेले आवरण शिडाप्रमाणे वारा धरते. त्यामुळे टोपली आडवी होऊन बरेच अंतर फरफटत जाते. हा अपघात नव्हे. वाऱ्यातील अवतरणाचा तो नेहमीचा प्रकार आहे.

वैमानिक वाऱ्याच्या दिशेने लांब पसरलेले, पलीकडे तारा नसलेले मोकळे शेत निवडतो. झाडांच्या रांगेमागे वाऱ्याचा जोर कमी असतो, त्याचाही तो लाभ घेतो. टेकण्यापूर्वी ज्वालक विझवून इंधनाच्या झडपा बंद केल्या जातात; मग शिखरावरील मोठी झडप उघडून आवरण त्वरेने रिकामे करतात. विजेच्या तारा हा वाऱ्याहूनही घातक धोका होय. ३० जुलै २०१६ रोजी टेक्सासमधील लॉकहार्टजवळ बलून तारांवर आदळून १६ जण मृत्यू पावले.

टोपली वेताची विणतात, ती केवळ परंपरेने नव्हे; वेत लवचिक असल्यामुळे धक्का शोषून घेतो. मोठ्या टोपल्यांत कप्पे पाडलेले असतात, म्हणजे टोपली कलंडल्यावर माणसे एकमेकांवर कोसळत नाहीत. तिची लांब बाजू वाऱ्याच्या दिशेला आडवी येईल अशा बेताने बलून फिरविता येतो. अशा टोपलीत प्रवाशांनी गतीच्या दिशेकडे पाठ करावी, पाठ व डोके अस्तराला टेकवावे, गुडघे किंचित वाकवावे आणि आतील दोरीच्या मुठी दोन्ही हातांनी धराव्या. टोपली कलंडली की प्रवासी आपोआप पाठीवर पडतात. ताठ पायांनी उभे राहिल्यास घोटा, गुडघा किंवा मणका दुखावतो. कडेवर ठेवलेला हात टोपलीखाली चिरडण्याचा संभव असतो. छायाचित्रक वेळीच आत ठेवावा, ही सूचना क्षुल्लक वाटते. परंतु उतरतानाचे दृश्य टिपण्याचा मोह अनेकांना आवरत नाही.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की वैमानिकाने सांगेपर्यंत कोणीही बाहेर पडू नये. बाहेर फेकला गेलेला माणूस फरफटणाऱ्या टोपलीखाली सापडू शकतो. शिवाय एक माणूस उतरला, तरी भार घटून बलून पुन्हा उचलला जातो. ईजिप्तमधील लक्सर येथे २६ फेब्रुवारी २०१३ रोजी घडलेल्या दुर्घटनेचे मूळ कारण वारा नसून उतरताना लागलेली आग हे होते. परंतु दोघे बाहेर पडल्यावर हलका झालेला व ज्वाळांनी अधिक तापलेला बलून वर चढला आणि कोसळला. २१ पैकी १९ जण प्राणास मुकले.

प्रवाशांकडून ही अंगस्थिती उड्डाणापूर्वीच करवून घेतात, कारण प्रत्यक्ष अवतरणाच्या वेळी समजावून सांगण्यास अवधी नसतो. गर्भवती स्त्रिया, अलीकडे शस्त्रक्रिया झालेले रुग्ण व टोपलीच्या कडेवरून बाहेर पाहता न येण्याइतकी लहान मुले यांना सामान्यतः प्रवेश देत नाहीत.