वाघ्याचं ताट : काम करणाऱ्या कुत्र्याला स्वस्तात नीट काय खायला द्यायचं?

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा बसमध्ये हेडफोन विसरलाय, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लिखित अवतार. बोलताना घातलेला पाल्हाळ काढलाय, आकडेमोड मात्र सगळी ठेवली आहे. ती स्क्रीनशॉट काढून ठेवा, कामाला येईल.

आजचा विषय कुत्र्यांचं खाणं. पण सोफ्यावर झोपणाऱ्या कुत्र्यांचं नाही. मेंढ्या राखणारी, शेतात रात्रभर जागणारी, दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालणारी कुत्री. मी पुण्यात कोड लिहितो, पण माझे मामा माण तालुक्यात मेंढरं राखतात. दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरायचं, शेतकऱ्यांच्या रानात वाडा बसवायचा आणि पावसाच्या तोंडाला परत वर यायचं. त्यांच्याबरोबर वाघ्या असतो.

यंदा जूनमध्ये गेलो तेव्हा वाघ्याच्या फासळ्या लांबूनच मोजता येत होत्या. त्याच आठवड्यात रात्री लांडग्याने एक कोकरू नेलं आणि वाघ्या जागचा उठलासुद्धा नाही. मामा म्हणाले, "म्हातारा झाला आता, दुसरं पिल्लू बघाया लागंल." वाघ्या फक्त पाच वर्षांचा आहे.

मी काय चूक केली

मी टिपिकल इंजिनिअर. लगेच पुण्यातून वीस किलोची पिशवी घेऊन गेलो. पिशवीवर धावणाऱ्या कुत्र्याचा झकास फोटो. पहिल्याच दिवशी भाकरी बंद करून वाटीभर ते दिलं. तिसऱ्या दिवशी वाघ्याला जुलाब, आणि मामांचा टोमणा, "आरं, आमची कुत्री भाकरी-ताकावर जगली, तुझ्या बिस्किटानं मरायची येळ आली!"

तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी वजन केलं : १९ किलो. त्या हाडापेराच्या कुत्र्याचं हवं होतं २४-२५. मग गोचीड तपासले, रक्त घेतलं, जंताचं औषध दिलं. हे लक्षात ठेवा : कुत्रं बारीक झालं म्हणजे खाणंच कमी पडतंय असं नसतं. जंत किंवा गोचीडताप असेल तर तुम्ही कितीही घाला, अंगी लागत नाही. आधी डॉक्टर, मग ताट.

जुलाबाचं कारण सोपं होतं. खाणं एकदम बदललं. नवीन खाणं सात ते दहा दिवसांत हळूहळू आणायचं : पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवीन, मग निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण.

पहिला हिशेब : किती लागतं?

हे फोनच्या कॅल्क्युलेटरवर होतं. कुत्र्याचं जे वजन असायला हवं ते घ्या आणि त्याला त्यानेच दोनदा गुणा. मग वर्गमूळ काढा, त्याचं पुन्हा वर्गमूळ काढा. आलेल्या आकड्याला ७० ने गुणा.

वाघ्यासाठी : २५ × २५ × २५ = १५,६२५. वर्गमूळ १२५. पुन्हा वर्गमूळ ११.१८. गुणिले ७० म्हणजे साधारण ७८० किलोकॅलरी. ही झाली नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा. घरातल्या कुत्र्याला याच्या दीडपट-पावणेदोनपट पुरते. रोज चालणाऱ्या, राखणाऱ्या कुत्र्याला दुपटीपासून सुरुवात करावी लागते, म्हणजे वाघ्याला १,५०० ते १,६००. कोकणच्या वाटेवर त्याहून जास्त. दुसरं टोक बघायचं तर अलास्कातल्या इडिटारॉड शर्यतीत स्लेज ओढणारी कुत्री दिवसाला दहा हजार किलोकॅलरींच्या आसपास खातात, आणि त्यातला मोठा भाग चरबीतून येतो. लांब पल्ल्याच्या कामाला कुत्र्याचं मुख्य इंधन चरबी आहे, हे त्यातून घ्यायचं.

मग भाकरी वाईट आहे का?

अजिबात नाही. "कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला फक्त मांसच द्या" असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. २०१३ साली 'नेचर'मध्ये स्वीडनच्या संशोधकांचा अभ्यास आला होता. पिष्ट पचवणारं अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यांमध्ये लांडग्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात, असं त्यात दिसलं. माणसाच्या चुलीजवळ राहून कुत्रा आपलं अन्न पचवायला शिकलाय. नीट भाजलेली भाकरी त्याला पचते.

अडचण आहे ती नुसत्या भाकरीची. १,५०० किलोकॅलरी फक्त ज्वारीतून द्यायच्या तर साधारण ४४० ग्रॅम पीठ लागतं. त्यात प्रथिनं येतात ४४ ग्रॅमच्या आसपास. अमेरिकेतल्या पशुखाद्य अधिकाऱ्यांच्या आफ्को संस्थेचा प्रौढ कुत्र्यासाठी किमान निकष आहे दर १,००० किलोकॅलरीमागे ४५ ग्रॅम, म्हणजे वाघ्याला दिवसाला ६७. कॅल्शियमचं तर विचारूच नका. लागतं साधारण १,९०० मिलिग्रॅम, ज्वारीतून मिळतं १२० च्या आसपास. दूध-ताकाने थोडं भरून निघतं, पण वाघ्याच्या वाट्याला येणारं ताक म्हणजे बहुतेक पाणीच.

मी हे सगळं मामांना दाखवलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हंजी त्यो उपाशी न्हवता, पर पोटात काय न्हवतं." यापेक्षा चांगलं मला सांगता येणार नाही.

दुसरा हिशेब : पिशवी किलोवर घेऊ नका

आता पिशवीकडे येऊ. डॉक्टर म्हणाले, "अहो इंजिनिअर, पुढचा फोटो सोडा, मागचा कोपरा वाचा." तिथे बारीक अक्षरात प्रथिनं, चरबी, तंतू आणि ओलावा यांचे टक्के असतात.

समजा दोन पिशव्या आहेत. पहिली १५० रुपये किलो : प्रथिनं २०, चरबी ८, तंतू ५, ओलावा १० टक्के. दुसरी १८० रुपये किलो : प्रथिनं २६, चरबी १६, तंतू ३, ओलावा १०. राख लिहिलेली नसेल तर ७-८ टक्के धरा. १०० मधून हे सगळं वजा केलं की उरतं ते पिष्ट : पहिलीत साधारण ४९, दुसरीत ३८.

आता प्रथिनं आणि पिष्ट यांना ३.५ ने गुणा, चरबीला ८.५ ने, आणि बेरीज करा. १०० ग्रॅममध्ये पहिली देते ३१० किलोकॅलरी, दुसरी ३६०. म्हणजे १,००० किलोकॅलरी पहिलीतून ४८ रुपयांना पडतात, दुसरीतून ५० रुपयांना.

किलोमागे तीस रुपयांचा वाटणारा फरक दोन रुपयांवर आला. आणि त्या दोन रुपयांत काम करणाऱ्या कुत्र्याला दीडपटीहून जास्त चरबी मिळते. उलटंही होतं. कधी महाग पिशवीत फक्त फोटो महाग असतो. म्हणून किलोचा भाव विसरा, १,००० किलोकॅलरीचा भाव काढा.

पिशवीवर 'प्रौढ कुत्र्यांसाठी संपूर्ण आहार' अशा अर्थाचं काही लिहिलंय का तेही बघा. 'पूरक' लिहिलं असेल तर तो खाऊ आहे, जेवण नाही.

तिसरा हिशेब : मामांचं ताट

पण रानात चूल रोज पेटतेच, भाकऱ्या होतातच. म्हणून आम्ही भाकरी ठेवली आणि तिच्याभोवती बाकीचं बसवलं. वाघ्याचं एका दिवसाचं ताट, दोन वेळेत वाटून :

- ज्वारी किंवा बाजरीचं पीठ २५० ग्रॅम, त्याच्या भाकऱ्या
- उकडलेली अंडी २
- कोंबडीचा पेटा आणि कातडीसकट बिनहाडाचे तुकडे मिळून २०० ग्रॅम, शिजवून
- सोयाबीनच्या वड्या ३० ग्रॅम, भिजवून शिजवलेल्या
- तेल एक मोठा चमचा
- अंड्याच्या टरफलाची वाळवून केलेली बारीक पूड एक छोटा चमचा, साधारण ५ ग्रॅम

बेरीज : १,५०० किलोकॅलरी, ८५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. टरफल जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट असतं, त्यामुळे त्या एका चमच्यात साधारण १,९०० मिलिग्रॅम कॅल्शियम येतं. जे आपण उकिरड्यावर टाकतो तेच.

आमच्याकडच्या दराने हे ताट ५४ रुपयांना पडलं, म्हणजे १,००० किलोकॅलरीला ३६ रुपये. तुमच्या गावचे दर घालून बघा. कोंबडीच्या दुकानात ओळख असेल तर अजून खाली येईल. कोकणात असताना मामा सुकट वापरतात. ती खारवलेली असेल तर भिजवून ते पाणी फेकून द्यायचं.

एक प्रामाणिक इशारा. या ताटात जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व पुरेसं नाही. त्यासाठी डॉक्टरांनी कुत्र्यांचं मिनरल-व्हिटॅमिन मिश्रण दिलंय. गाईम्हशींचं मिनरल मिक्श्चर घालू नका, त्यातलं प्रमाण वेगळं असतं. आणि कलेजी चांगली असली तरी रोज भरपूर नको, अ जीवनसत्त्व जास्त होतं.

पिल्लं, गाभण किंवा पाजणारी कुत्री यांच्यासाठी हे ताट नाही. पिल्लाच्या हाडांचा हिशेब नाजूक असतो, कॅल्शियम कमीही चालत नाही आणि जास्तही. तिथे वाढीसाठी असलेली चांगली पिशवी घ्या. पैसे कमी असतील तर ते पिल्लावर खर्च करा आणि मोठ्याला भाकरीचं ताट द्या.

हे ताटात नको

कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. आपल्याकडे उरलेलं कालवण भाकरीवर ओतायची सवय आहे आणि कालवणात कांदा-लसूण मसाला असतोच. मांस बाजूला काढून साध्या पाण्यात शिजवा. मनुका, द्राक्षं, चॉकलेट आणि शुगर-फ्री गोळ्यांमधलं झायलिटॉल हेही विष आहे. शिजवलेलं हाड फुटून आतड्यात घुसतं.

बुरशी आलेली भाकरी, शेंगदाणे किंवा पेंड कुत्र्याला टाकू नका. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृत खराब करतं आणि कुत्र्यांना त्याचा त्रास फार लवकर होतो. पावसाळ्यात तर जपाच.

आणि मेंढरंवाल्यांनी हे नीट ऐका. मेंढी कापली की तिचं काळीज, फुप्फुस कच्चंच कुत्र्याला टाकतात. त्यात कधी पाण्याने भरलेल्या फोडी असतात. त्या हायडॅटिड नावाच्या रोगाच्या. कुत्र्याने त्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि हाताला लागून माणसाच्या पोटात जातात. मग माणसाच्या यकृतात, फुप्फुसात तशाच फोडी होतात आणि काही वेळा ऑपरेशनची वेळ येते. फोडी असलेला भाग जाळा किंवा खोल पुरा. बाकीचं अर्धा-पाऊण तास उकळूनच द्या. कुत्र्याला डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी जंताचं औषध चुकवू नका. वाड्यात लहान पोरं कुत्र्याच्या गळ्यात पडून खेळतात, म्हणून हे सांगतोय.

ताट बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

कॅल्क्युलेटर सुरुवातीचा आकडा देतो, शेवटचा आकडा कुत्रं देतं. दर आठवड्याला दोन्ही हात त्याच्या फासळ्यांवरून फिरवा. फासळ्या हाताला सहज लागायला हव्यात, पण लांबून मोजता येऊ नयेत. वरून बघितलं की कंबर दिसली पाहिजे. फासळ्या डोळ्यांना दिसायला लागल्या तर ताट दहा टक्क्यांनी वाढवा, हाताला लागेनाशा झाल्या तर दहा टक्क्यांनी कमी करा. काम कमी झालं की ताटही कमी, नाहीतर पावसाळ्यात बसून जाडी येते.

मोठं जेवण काम संपल्यावर, दम खाऊन झाल्यावर द्या. भरल्या पोटी लगेच धावायला लावू नका. आणि पाणी कायम समोर ठेवा.

वाघ्या? दहा आठवड्यांनी २३ किलो झाला. अजून दोन किलो बाकी आहेत. मागच्या रविवारी मामांचा व्हॉट्सॲपवर आवाज आला. मामांचं बोलणं एका वाक्याचं, बाकी सगळं मागे वाघ्याचं भुंकणं : "ऐक, रातभर आसाच वरडतोय, झोपू देत न्हाई." तक्रार करत होते, पण दुसऱ्या पिल्लाचा विषय त्यांनी परत काढलेला नाही.

तुमच्या गावात राखणीच्या कुत्र्याला काय घालतात? पिठाचे आणि अंड्यांचे दर तिकडे काय आहेत? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात तुमच्या ताटाचा हिशेब करू. तोवर काळजी घ्या, आणि आज अंड्याची टरफलं फेकू नका!