सुटकेनंतरची शिक्षा

तुरुंगातून सुटलेल्या माणसाची दुसरी शिक्षा वस्तीत सुरू होते आणि तिला मुदत नसते. सात रस्त्याजवळच्या आर्थर रोड कारागृहापासून लालबाग-परळच्या चाळी फार दूर नाहीत. चाळीत बातमी माणसाच्या आधी पोहोचते. या कारागृहात बहुतेक जण कच्चे कैदी असतात. देशभरातही २०२२ च्या अखेरीस दर चार कैद्यांपैकी सुमारे तिघे कच्चेच होते. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नसतो. तरीही निर्दोष सुटलेल्यावर ‘आत जाऊन आलेला’ हा शिक्का राहतो, आणि हा उघड अन्याय आहे.

खरी अडचण कामाची. सुरक्षारक्षकाची नोकरी असो वा भाड्याची खोली, पोलीस पडताळणीपाशी गाडी अडते. बाईच्या वाट्याला याहून अधिक येते: भायखळ्याच्या कारागृहातून सुटल्यावर कित्येकींना माहेर आणि सासर दोन्ही बंद होतात.

१९५८ च्या परिवीक्षा कायद्याने चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर किंवा समज देऊन सोडलेल्यांना दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. तुरुंगवास भोगलेल्यांना मात्र हे संरक्षण नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून अशांसाठी निवारा, प्रशिक्षण आणि रोजगाराची खटपट करतो.

कैद्यांवर विश्वास टाकण्याचा प्रयोग मात्र महाराष्ट्रात जुना आहे. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभारली. तिथे कैदी कुटुंबासह राहून शेती करतात. परळच्या राजकमल स्टुडिओच्या व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला, तो याच प्रयोगावरून.