आधीं सेविका, मग योजना

मूल शाळेंत येतें तें सहाव्या वर्षीं. कोणी चटकन् अक्षर गिरवितें, कोणी पाटीकडे नुसतें पाहत बसतें. आणि दुसऱ्याच्या कपाळीं ‘मठ्ठ’ ही पदवी लागते. वस्तुतः त्या मुलाचें भवितव्य मातेच्या उदरापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या सुमारें एक सहस्र दिवसांतच पुष्कळसें घडत असतें. हा काळ शाळेच्या हाताबाहेरचा. आणि मजुरीवर गेल्यावांचून जिची चूल पेटत नाहीं, त्या मातेच्याही हाताबाहेरचा. म्हणून त्याची काळजी राज्यानें वाहावी लागते.

महाराष्ट्रांत या काळजीचें बीज सरकारनें पेरलें नाहीं. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं आजच्या पालघर जिल्ह्यांतील बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. पुढें तें कार्य कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांत गेलें. मूल बालवाडींत येत नाहीं, कारण तें धाकट्या भावंडास सांभाळतें, हें ध्यानीं येतांच या बायांनीं बालवाडीच मुलांच्या अंगणांत नेली. तीच अंगणवाडी.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. आज एकट्या महाराष्ट्रांत सुमारें १ लक्ष १० सहस्र अंगणवाड्या आहेत. ज्या वस्तींत सहा वर्षांखालील निदान ४० मुलें आहेत, तिनें मागणी करतांच तीन महिन्यांच्या आंत अंगणवाडी मिळाली पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं ठरविलें.

इतकें असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणींत राज्यांतील पांच वर्षांखालील दर शंभर मुलांत सुमारें ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं. दारिद्र्य, अस्वच्छ पाणी, कोंवळ्या वयांतील विवाह, अशीं याचीं कारणें अनेक आहेत. तथापि योजनेंतील एक उणीव आम्हांस ठळक दिसते. सेविकाच मुलांचें वजन घेते, आहार वाटते, गाणीं शिकविते, गर्भिणींच्या घरीं जाते. आणि या साऱ्याची मोबाईलवर नोंदही तीच करते. वजनाचा आंकडा वर कळवितां येतो. सांगितलेली गोष्ट आणि आईशीं केलेलें हितगुज मोजतां येत नाहीं. म्हणून वेळ अपुरा पडला म्हणजे तींच आधीं मागें पडतात. एवढें करून तिला मिळतें तें वेतन नव्हे, मानधन! तिचा ग्रॅच्युइटीवरील हक्क सर्वोच्च न्यायालयास २०२२ सालीं सांगावा लागला, आणि २०२३ च्या डिसेंबरांत महाराष्ट्रांतील सेविकांस आपल्या मागण्यांसाठीं संप करावा लागला.

गांवच्या स्त्रीस नीट शिकवून विश्वासानें काम सोंपविलें म्हणजे काय घडतें, हें गडचिरोलीनें दाखविलें आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें ३९ खेड्यांत अशा स्त्रियांस नवजात अर्भकांची घरोघर जाऊन शुश्रूषा करण्यास शिकविलें. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें तेथील नवजात मृत्यूंचें प्रमाण सुमारें ६२ टक्क्यांनीं घटलें. पुढें हीच पद्धति देशभरच्या ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या कामांत समाविष्ट झाली. इमारत व यंत्रें मागाहून येतात. आधीं माणूस उभें करावें लागतें.

आमच्या बहुतेक वाचकांचीं नातवंडें अंगणवाडींत जात नाहींत, म्हणून तिच्याकडे आपलें लक्षही जात नाहीं. परंतु आपल्या घरीं भांडीं घासणाऱ्या बाईचें मूल त्या वेळीं कोठें असतें, हें एकदां तिला विचारावें. तें ज्या अंगणवाडींत असेल तेथें जावें, सेविकाताईंची ओळख करून घ्यावी, आणि त्यांस रुचेल तर आठवड्यांतून एक तास मुलांस गोष्ट सांगावी. सरकारपाशीं मागणें मागावयाचें तें प्रथम त्यांच्या वेतनाचें, आणि शिकविण्यासाठीं दुसऱ्या सेविकेचें. ज्यांच्या हातीं राज्याचीं लेंकरें दिलीं, त्यांचा संसार मानधनावर ठेवणें कोणत्याही राज्यास शोभत नाहीं.